काळ्या कणांची मालगाडी

माजरीचा उन्हाळा. दिवसभर तापलेलं अंगण रात्री दहा वाजताही निवलं नव्हतं. खाटेभोवती नातवंडं जमली होती. धाकटीच्या हातात जुन्या स्पीकरमधला चुंबक होता. वर्धेच्या रेतीत फिरवल्यामुळे तो काळ्या कणांनी केसाळ झाला होता.

“आजोबा, काळेच कण काहून चिकटले?”

“त्यात लोह आहे, बाई. वर्धा सातपुड्यातून निघते, वाटेत काळा कातळ झिजवते, त्यातलं हे मॅग्नेटाइट. असेच कण दळून दळून इतके बारीक केले की केसाच्या जाडीत हजारो मावतील. मग त्यांना तेलकट आम्लाचा लेप दिला आणि रॉकेलमध्ये मिसळलं. ते ना तळाशी बसतात, ना त्यांच्या गुठळ्या होतात. सगळं रॉकेलच चुंबकाकडे ओढ घेतं! 1963 साली नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी असा द्रव बनवला. अंतराळात वजन जाणवत नाही, इंधन टाकीत कुठंही तरंगतं. ते चुंबकानं हवं तिकडे ओढावं, हा त्यांचा विचार.”

“अन् अशा द्रवाला गरमी लागली तर काय होतं?”

“आजी चुलीवर पाणी ठेवते, तेव्हा तळचं पाणी तापून हलकं होतं, वर येतं. गार पाणी त्याची जागा घेतं. रस्त्यावरच्या डीपीतलं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधलं तेलही असंच फिरतं आणि आतली उष्णता बाहेर आणून सोडतं.

“आपल्या कणांच्या द्रवाजवळ चुंबक असला, की या फिरण्याला आणखी जोर मिळतो. तापलं की लोहाची चुंबकाकडची ओढ कमी होते. पिएर क्यूरी यांनी 1895 साली याचा बारकाईनं अभ्यास केला. लोखंड तर 770 अंशांला ती ओढ जवळजवळ गमावतंच. म्हणून तापल्या जागेजवळ चुंबक ठेवला, की गार द्रव तिकडे धावतो आणि तापलेल्याला बाजूला सारतो. पंप नाही, पंखा नाही, तरी द्रव फिरत राहतो!

“दुसरी करामत ऐका. चुंबकाजवळ हे कण एकामागे एक जुळतात, आपल्या स्टेशनातल्या कोळशाच्या वाघिणींसारखे. ही रांग उष्णतेच्या वाटेनं लागली, तर उष्णता कणाकणातून झरझर पुढे जाते. रांग आडवी असली, तर तो फायदा मिळत नाही. कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात जॉन फिलिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली हे मोजून दाखवलं. शंभर भागांत जेमतेम सहा भाग कण होते, पण द्रवाची उष्णता वाहण्याची ताकद चौपट झाली.

“काही स्पीकरमध्ये तारेच्या गुंडाळीभोवती असाच द्रव भरतात. गुंडाळीची उष्णता तो लोखंडाकडे पोचवतो. डीपीच्या तेलातही असे कण मिसळून शास्त्रज्ञ प्रयोग करत आहेत.”

मुलांनो, तुम्हीही रेती कोरडी करून चुंबकानं काळे कण वेचा. ते कागदावर पसरा, खालून चुंबक धरा आणि कागदाला हलकेच टिचकी मारा. विखुरलेले कण ओळी धरून उभे राहतील. उष्णता वाहून नेणारी मालगाडी अशीच जुळते.