बेंदूर, पालखी आणि जुळी कोकरं

विदर्भात बैलांचा सण पोळा, तोही श्रावणी अमावास्येला. फलटणकडे मात्र पोळ्याआधीच, आषाढात बेंदूर येतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी: जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचं. दुसऱ्या दिवशी आंघोळ, रंगवलेली शिंगं, झूल आणि पुरणपोळी. ती आधी बैलाला, मग घराला. ट्रॅक्टर आल्यापासून अनेक गोठे रिकामे झाले. अशा घरांत मातीची बैलजोडी पाटावर बसते.

याच दिवसांच्या आसपास ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटणला मुक्कामी असते. त्याआधी, तरडगावजवळ चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण होतं. तिथं अश्वांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला पोरंसोरं धावतात.

दिवाळीचा पहिला दिवा गाय-वासराचा, वसुबारसेला.

आणि मेंढ्या? त्या तर इथल्या धनगरांचं चालतं-बोलतं घरच. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. १९६८ साली बनबिहारी निंबकरांनी स्थापन केलेल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नारी’ने, सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गरोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणलं. त्यातून घडलेल्या मेंढीचं नाव ‘नारी सुवर्णा’.