रील बघा, पण लेबल वाचा

माहीमच्या एल. जे. रोडवर असो की रुपारेल कॉलेजच्या आसपास, क्रीम घ्यायला आलेली मुलं हल्ली नाव सांगत नाहीत, मोबाइल पुढे धरतात: ‘काका, हेच द्या.’ चेहऱ्याची काळजी घेण्यात गैर काहीच नाही. पण रील बघून पक्के झालेले काही समज पैसा आणि त्वचा दोन्हींची नासाडी करतात.

गैरसमज: आठवड्यात चेहरा उजळला, म्हणजे क्रीम चांगलं.
वस्तुस्थिती: अशा झटपट उजळपणामागे अनेकदा पारा किंवा स्टेरॉइड असतं. पारा त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, पण अंगात भिनून मूत्रपिंडं बिघडवतो. २०२२मध्ये अकोल्यात असंच क्रीम लावणाऱ्या एका मुलीच्या चेहऱ्याचं कौतुक झालं, म्हणून आई आणि बहिणीनेही तेच क्रीम लावलं. तिघींचीही मूत्रपिंडं बिघडली. परळच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत क्रीममध्ये भरमसाट पारा सापडला. डोळ्यांची प्रसाधनं सोडली, तर आपल्याकडे नकळत मिसळलेला पाराही दहा लाखांत एक भाग एवढाच चालतो.

गैरसमज: केमिस्टकडे मिळतं, म्हणजे रोज लावायला हरकत नाही.
वस्तुस्थिती: ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन लिहिलं असेल, तर ते स्टेरॉइड आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं औषध. रोज चेहऱ्यावर चोळलं तर त्वचा पातळ होते, लाल होते, मुरमं येतात. थांबवलं की आग होते, म्हणून मुलं पुन्हा तेच लावतात.

गैरसमज: जितकी सीरम जास्त, तितकी त्वचा छान.
वस्तुस्थिती: अमेरिकेतल्या ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ नियतकालिकात २०२५मध्ये टिकटॉकवरच्या अल्पवयीन मुलींच्या व्हिडिओंचा अभ्यास आला. मुली सरासरी सहा उत्पादनं लावत होत्या, पण दिवसाच्या व्हिडिओंपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्यात सनस्क्रीन होतं. कोवळ्या त्वचेला सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन पुरेसं आहे.

गैरसमज: रीलमधली ताई स्वतः वापरते, म्हणूनच सांगते.
वस्तुस्थिती: कित्येकदा त्यामागे पैसे किंवा फुकट मिळालेला माल असतो. केंद्राच्या जानेवारी २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे व्हिडिओतच ठळकपणे सांगणं बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

विकत घेण्याआधी बाटली उलटी करा: निर्मितीचा परवाना क्रमांक, घटकांची यादी, मुदत, परदेशी माल असेल तर आयात नोंदणी क्रमांक. यातलं काही नसेल, तर बाटली परत ठेवा. फसवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. चेहरा बिघडलाच, तर नवं क्रीम शोधू नका. केईएम किंवा सायन रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जा आणि लावत होतात ती ट्यूब सोबत न्या.