हरलेल्या डावाची उलटतपासणी

१९८८ साली लास वेगासमध्ये 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'च्या अंतिम लढतीत एरिक सायडेलने राणीच्या जोडीवर सगळ्या चिप्स लावल्या. समोर जॉनी चॅन होता. त्याचे सलग पाच पत्ते केव्हाच जुळले होते. तो मुद्दाम गप्प होता. हा डाव पुढे 'राउंडर्स' या १९९८ च्या चित्रपटात झळकला, त्यामुळे सायडेलची हार आजही लोक पडद्यावर पाहतात.

हाच सायडेल नंतर लेखिका मारिया कोनिकोव्हाचा गुरू झाला. नशिबाने दगा दिल्याची रडगाणी त्याला नको असत. पत्ते काय होते, काय विचार करून पैसे लावले, एवढ्यातच त्याला रस.

हा हट्ट नव्हे, साधं गणित आहे. एकाकडे दोन एक्के, दुसऱ्याकडे दोन राजे आणि सगळे पैसे सुरुवातीलाच लागलेले, तरी एक्केवाला शंभरात साधारण १८ वेळा हरतोच. त्या हारीवर झोप उडवण्यात अर्थ नाही.

आता हा डाव पाहा. बदामाचे चार पत्ते जमलेत, पाचवा आला तर डाव आपला, आणि एकच पत्ता उघडायचा राहिलाय. पॉटमध्ये १०० रुपये होते, समोरच्याने ५० लावले. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत बदाम ९, म्हणजे शक्यता २० टक्क्यांहून किंचित कमी. ५० भरून १५० कमवायचे तर ती २५ हवी. बदाम आल्यावर समोरचा आणखी पैसे देणार असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर पैसे भरणं चूकच, मग बदाम येवो वा न येवो. आलाच, तर हा डाव तपासायला सहसा कोणी बसत नाही.