बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?

लेखमाला : तिच्या मनातलं (लेखांक ९)

माझ्या मावसबहिणीची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मी बघायला गेले तेव्हा बाळ अडतीस दिवसांचं होतं. घरात ओव्याच्या धुरीचा वास, गॅसवर अळिवाची खीर, डब्यात डिंकाचे लाडू, मालिशवाल्या बाई नुकत्याच बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालून गेलेल्या. कशाला म्हणून नाव ठेवायला जागा नाही. तिच्या उशाशी एक दोनशेपानी वही होती. पाजल्याच्या वेळा लिहून ठेव, असं दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं. सुरुवातीच्या पानांवर दोन-अडीच तासांच्या अंतरानं नोंदी होत्या. पुढच्या पानांवर, रात्रीच्या, वेगळंच काही दिसलं. १.१० पाजलं, डावीकडे. १.४० झोपला. १.५० श्वास बघितला. २.०५ श्वास बघितला. २.२० श्वास बघितला. असं पहाटेपर्यंत.

वही घरात सगळ्यांनी चाळली होती. आजी कौतुकानं म्हणाली, "फार जपते हो बाळाला."

मी खोलीचं दार लोटून घेतलं आणि विचारलं, "बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का गं?"

"नाही मावशी. डोळा लागला की वाटतं, मी उठेन तेव्हा हा नसेल." मग बराच वेळ रडली. डोळे पुसत म्हणाली, "आईला नको सांगूस. ती एवढं करतेय माझं, तिला वाटेल मला कदरच नाही."

गेल्या खेपेला आपण गरोदरपणातल्या चिंतेबद्दल बोललो. आज बाळंतपणानंतरच्या नैराश्याबद्दल. सुरुवात मुद्दाम या खोलीतून केली. हा आजार फक्त एकट्या पडलेल्या, छळ सोसणाऱ्या बाईला होतो असा समज आहे, आणि तो खरा नाही. लाडाकोडात, दुधातुपात असलेल्या बाळंतिणीलाही तो होतो. फक्त अशा घरात तो सांगायची चोरी होते.

आधी एक फरक लक्षात घेऊ. बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं, क्षणात हसू नि क्षणात आसू, हे निम्म्याहून अधिक बायकांना होतं. गरोदरपणी वाढलेली संप्रेरकं प्रसूतीनंतर एकदम खाली येतात, झोप मोडते, टाके दुखतात. हा काळ दोन आठवड्यांत आपोआप सरतो. त्याला औषध नको, आराम आणि धीर पुरतो. मात्र दोन आठवडे उलटूनही मन वर येत नसेल, किंवा महिना-दोन महिन्यांनी नव्यानं खचायला लागलं असेल, तर ते वेगळं. भारतात झालेल्या अडतीस पाहण्या एकत्र करून २०१७ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, तो २२ टक्के निघाला. पाच बाळंतिणींत एकीहून जास्त. तुमच्या इमारतीत या वर्षी किती बारशी झाली, मोजून बघा.

आता प्रश्न असा की इतक्या बायकांचं हे दिसत कसं नाही? एक तर आपल्याकडे बाई "मला नैराश्य आलंय" म्हणत नाही. ती म्हणते अंगात त्राण नाही, डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, जीव घाबराघुबरा होतो. मग रक्त कमी आहे म्हणून गोळ्या सुरू होतात. (रक्त आणि थायरॉईड तपासावंच. प्रसूतीनंतर थायरॉईड बिघडतं आणि हुबेहूब अशीच लक्षणं दाखवतं. पण तपासणी ठीक आली की "काही नाही, मनाचे खेळ" म्हणून फाईल बंद होते, तक्रार तिथे आहे.)

दुसरं कारण सांगताना मला थोडं जपून बोलावं लागेल, कारण ती रीत मला स्वतःला प्रिय आहे. माहेरचं बाळंतपण. सव्वा महिना शेक-शेगडी, मालिश, कुणी हातात आयतं ताट देणारं. जगातल्या कितीतरी बायकांना हे मिळत नाही. पण या रीतीत एक फट आहे. नवरा शनिवार-रविवारी येतो, बाळाचे फोटो काढतो आणि जातो. त्यामुळे आजार जेव्हा मूळ धरतो तेव्हा तो समोर नसतो. आई समोर असते, पण तिला लेकीचं रडणं हे आपल्याच करण्यातली उणीव वाटते. तिसऱ्या महिन्यात पाठवणी होते, माहेरची माणसं सुटतात, सासरी कुणी तिला आधी कशी होती नि आता कशी आहे असं ताडून पाहिलेलं नसतं. तिथे एकच निष्कर्ष निघतो : माहेरी लाडावून आली.

आणि बाळ मुलगी असेल तर? "पहिली बेटी, धनाची पेटी" हे वाक्य बाळंतिणीच्या खोलीत कोणत्या सुरात म्हणतात ते प्रत्येकीनं ऐकलेलं आहे. मुलगा झाल्यावर कुणी कुणाची समजूत घालत नाही. गोव्यातल्या एका सरकारी जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या बायकांची विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के मातांना नैराश्य होतं. कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी बेबनाव होता आणि बाळ मुलगी असणंही होतं. म्हणजे दोष केवळ संप्रेरकांचा नाही. संप्रेरकं सगळ्यांचीच उतरतात.

ओळखायचं कसं? एडिंबरा मापनश्रेणी नावाची दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली १९८७ पासून जगभर वापरली जाते. प्रश्न गेल्या सात दिवसांबद्दलचे असतात. एकूण गुण तीस. तिची खुबी अशी की थकवा आणि भूक यांबद्दल ती मुळी विचारतच नाही. बाळंतीण थकलेली असणारच, त्यावरून काही कळत नाही. ती विचारते : गमतीच्या गोष्टीवर हसू येतं का? काही बिघडलं की विनाकारण स्वतःलाच दोष देतेस का? शेवटचा, दहावा प्रश्न जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या विचाराबद्दल असतो. तो विचारायला आपण कचरतो, विचारल्यानं डोक्यात भरवल्यासारखं होईल असं वाटतं. तसं होत नाही. ज्या बाईच्या मनात तो विचार असतो तिला कुणी विचारलं याचं हायसं वाटतं.

प्रश्नावली हाताशी नसेल तर वर मी विचारला तो एक प्रश्न पुष्कळ काम करतो. बाळ उठवतं म्हणून झोप न होणं वेगळं आणि बाळ गाढ झोपलेलं असताना आईनं छताकडे बघत पडून राहणं वेगळं.

आशाताईंना नवजात बाळासाठी घरभेटी असतात : तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. त्या झोळीत घालून बाळाचं वजन करतात, ताप बघतात, नाळ बघतात. त्याच भेटीत आईला हा एक प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे आणि मोबदला तुटपुंजा, हे मला माहीत आहे. पण दार उघडून आत जाणारी दुसरी कुणी नाही.

उपचार हा या विषयातला सगळ्यात उजेडाचा भाग. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत तिथल्या आरोग्यसेविकांना बोलण्याचं थोडं प्रशिक्षण दिलं गेलं. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले : बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा ज्यांच्याकडे या प्रशिक्षित सेविका जात होत्या त्यांतल्या २३ टक्के माता अजून नैराश्यात होत्या, इतरांत ५३ टक्के. पुढे गोव्यात हेच काम वस्तीतल्याच बायकांवर सोपवलं गेलं. त्यांना नाव दिलं होतं सखी. तिथे फरक रावळपिंडीइतका मोठा पडला नाही, पण पडला.

आजार जास्त असेल तर औषध लागतं. "अंगावर पाजते, गोळ्या कशा घेऊ?" ही भीती रास्त आहे, पण सर्ट्रालिनसारखी काही औषधं दुधात अगदी थोडी उतरतात आणि मानसोपचारतज्ज्ञ पाजणाऱ्या आईला ती देतात. स्वतःच्या मनानं सुरू करू नयेत, बंदही करू नयेत.

एक प्रकार मात्र वाट न बघण्याचा. हजारात एक-दोन बाळंतिणी पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच भलतं बोलू लागतात, रात्ररात्र झोपत नाहीत तरी थकत नाहीत, कुणीतरी बाळ बदललंय म्हणतात, आवाज ऐकतात. याला आपल्याकडे बाळंतवात म्हणतात किंवा बाहेरचं म्हणून उतारा करतात. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. आई आणि बाळ दोघांनाही क्षणभर एकटं सोडू नका. बाळाची ताटातूट होईल ही धास्ती नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल एरवी वेगळं करता येत नाही. आईपासून बाळाला धोका असेल तरच तसं करतात, तेही तात्पुरतं. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर आई-बाळाचा वेगळा कक्षच आहे.

आमच्या मुलीला बोलणं आणि औषध दोन्ही लागलं. खरा फरक तिच्या नवऱ्यानं पाडला. तो पंधरा दिवस सासुरवाडीत येऊन राहिला आणि रात्री दहा ते दोनची पाळी त्यानं घेतली. काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजायचं, आणि ती दुसऱ्या खोलीत झोपायची. आधी सासूबाई अवघडल्या, मग सवय झाली. वहीतल्या पुढच्या नोंदी त्याच्या अक्षरात आहेत.

टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. तुमच्या घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर मागच्या बाजूला आजच हा नंबर लिहून ठेवा. ते कार्ड कुणाच्याही घरात हरवत नाही.