आधी डेटा, मग मशीन

“काकू, मशीन पाहिजे का डेटा?”

पुण्यात तपकीर गल्लीमागच्या बोळातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात पाऊल ठेवल्यावर आम्हाला विचारलेला हा पहिला प्रश्न. काकू रिक्षातून कॅबिनेट मांडीवर घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते काउंटरवर ठेवलं, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, “दोन्ही पाहिजे रे.”

“मग आधी डेटा. मशीन नंतर बघू.”

त्या दुकानात पुढचे दोन दिवस मी जे पाहिलं, ते सगळं या एका वाक्यात होतं.

काकूंचं डीटीपीचं काम अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका वाड्यात, पहिल्या मजल्यावर चालतं. तीस वर्षं त्या मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करत आल्या आहेत. नवरात्र नुकतं संपलं होतं आणि एका दिवाळी अंकाचे शेवटचे फर्मे त्यांच्याकडे होते. मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे होतं. आदल्या रात्री पाऊस झाला, लाइट दोनदा गेली आणि आली. त्यानंतर कॉम्प्युटर सुरू होईना. बटण दाबलं की पंखा क्षणभर फिरायचा आणि थांबायचा. काकूंनी सात-आठ वेळा बटण दाबून पाहिलं. भाच्याने फोनवर सांगितलं, “नवीन विंडोज मारून घे, चालू होईल.” त्यांनी ते केलं नाही, एवढंच आमचं नशीब.

दुकान चालवणाऱ्या दादांनी मशीन सुरू करून पाहिलंच नाही. माझ्या मनात येत होतं की निदान एकदा लावून तर बघा. त्यांनी कॅबिनेटचं झाकण काढलं, ब्लोअरने धूळ उडवली आणि सगळ्यात आधी हार्ड डिस्कच्या दोन्ही केबल काढून ती डिस्क बाहेर काढली. स्पंजच्या तुकड्यावर, सपाट, बाजूला ठेवून दिली. “आता आत काय वाट्टेल ते होऊ दे,” ते म्हणाले. “तुमचा अंक बाहेर आला.”

मशीन आणि त्यातल्या फायली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिथे पहिल्यांदा नीट समजलं. कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणजे नक्की काय होत नाही, याची उत्तरं बरीच असतात. वीजपुरवठा करणारा एसएमपीएस गेलेला असेल, रॅम नीट बसलेली नसेल, मदरबोर्ड खराब असेल, विंडोजच्या चार फायली बिघडल्या असतील किंवा खुद्द डिस्क आजारी असेल. शेवटची शक्यता सोडली तर बाकी सगळ्या वेळी आपलं लिखाण, फोटो, हिशेब जागच्या जागी असतात. घराचं कुलूप बिघडलं म्हणून आतलं सामान जात नाही, तसंच.

याचं अलीकडचं मोठं उदाहरण 19 जुलै 2024 चं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले विंडोजचे सुमारे 85 लाख कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून थांबले. विमानतळांवर रांगा लागल्या, आपल्याकडे प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. पण त्या कॉम्प्युटरांमधल्या फायली शाबूत होत्या. मशीन सेफ मोडमध्ये सुरू करून क्राउडस्ट्राइकची एक फाइल काढून टाकली की काम होत होतं. त्या दिवशी घाबरून कुणी डिस्क फॉरमॅट केली असती, तर एका फाइलच्या दोषापायी सगळ्या फायली गेल्या असत्या.

डिस्क बाजूला झाल्यावर दादांनी मशीनची तपासणी सुरू केली. एसएमपीएस सुटा करून त्याच्या मोठ्या जोडणीतली हिरवी आणि काळी तार एका वाकवलेल्या तारेने जोडली. पंखा फिरला. मग मल्टिमीटर लावला. बारा व्होल्टच्या जागी काटेकोर बारा नसले तरी 11.4 च्या खाली जाता कामा नये. आकडा 10.8 वर हेलकावे खात होता. झाकण उघडलं तर आतल्या दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली. लाइटच्या ये-जा करण्याने ते आणखी खचले होते. दुसरा एसएमपीएस लावला, रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडांवर शाळेतला खोडरबर फिरवला, पुन्हा बसवल्या. पडद्यावर अक्षरं उमटली : डिस्क सापडत नाही.

मशीन जिवंत झालं होतं. काकू खुर्चीतून उठल्या. “मग लाव ना रे डिस्क आता!”

“नाही काकू. ती कोणत्या अवस्थेत आहे ते आपल्याला माहीत नाही. विंडोज सुरू झालं की ते पहिल्या मिनिटापासून डिस्कवर लिहायला लागतं. लाइट गेल्यामुळे गडबड झाली असेल तर स्वतःहून दुरुस्ती सुरू करतं. आजारी डिस्कला ती दुरुस्ती झेपत नाही.”

हा संयम मला या कामातला सगळ्यात अवघड भाग वाटला. गिऱ्हाइकाचा जीव वर-खाली होत असतो, उपाय हाताशी दिसत असतो आणि तरी हात आवरायचा असतो.

त्यांनी डिस्क आपल्या लिनक्सच्या मशीनला जोडली, कारण ते मशीन सांगितल्याशिवाय डिस्कवर काही लिहीत नाही, अशी त्यांनी त्याची मांडणी करून ठेवली आहे. डिस्क फिरू लागली तसे ते कान जवळ नेऊन ऐकत राहिले. या डिस्कच्या आतली तबकडी मिनिटाला 7200, म्हणजे सेकंदाला 120 फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगतं. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. हेड बिघडलं असेल तर बऱ्याचदा ठरावीक लयीत ‘टक-टक’ असा आवाज येतो. तसा आवाज आला की दादा वीज बंद करतात आणि गिऱ्हाइकाला धूळरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेत पाठवतात. “ती डिस्क इथे उघडणं म्हणजे डेटा मारणं. आपल्याला जमत नाही ते सांगून टाकायचं.” डिस्क फ्रिजमध्ये ठेवली की चालते, असं ऐकून आलेले लोकही त्यांना भेटतात. आत बाष्प धरतं आणि उरलीसुरली आशा जाते.

काकूंच्या डिस्कचा आवाज एकसारखा होता. मात्र डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, त्या स्मार्ट नावाच्या अहवालात वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या लहान कप्प्यांचा, आकडा चढलेला दिसला. दादांनी ठरवलं : फायली एकेक करून काढायच्या नाहीत. आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत घ्यायची आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करायचं.

त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम ते वापरतात. आज्ञा द्यायच्या आधी त्यांनी दोन्ही डिस्कवरचे अनुक्रमांक मोठ्याने वाचले, पडद्यावरच्या आकड्यांशी जुळवले आणि मग मलाही वाचायला लावले. कुठून उचलायचं आणि कुठे ठेवायचं यांची अदलाबदल झाली, तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. “रोज करतो, तरी रोज दोनदा वाचतो.”

500 जीबीच्या डिस्कवर सुमारे 97 कोटी 67 लाख सेक्टर असतात. साधी कॉपी पहिल्या खराब सेक्टरशी अडते आणि तिथेच डोकं आपटत राहते. हा प्रोग्राम मात्र अडलं की पुढे निघतो. आधी सगळीकडचं चांगलं उचलतो, कुठे काय राहिलं याचा नकाशा एका वेगळ्या फाइलीत लिहितो आणि मग राहिलेल्या जागांकडे चिकाटीने परत येतो. मध्येच लाइट गेली तरी नकाशा असल्याने जिथे थांबला तिथून पुढे चालू. सोपं आधी, अवघड नंतर. मुद्रितं तपासताना आम्हीही हेच करतो. शंका आली तिथे पेन्सिलीची खूण करून पुढे जातो, नंतर कोश काढून बसतो.

वाट पाहताना दादा इतर गिऱ्हाइकांशी बोलत होते. सिंहगड रस्त्याकडच्या एकाचा लॅपटॉप जुलै 2024 च्या पुरात भिजला होता. त्याने तो उन्हात सुकवून लगेच सुरू केला आणि बोर्ड जळला. वीज जोडण्याची घाई केली नसती, तर कदाचित वाचला असता. दुसऱ्या एका मुलीचा नवा लॅपटॉप निळ्या पडद्यावर 48 आकडी किल्ली मागत होता. आता बऱ्याच लॅपटॉपची डिस्क आपोआप कुलूपबंद होते. ती किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ते खातं कोणत्या ईमेलने उघडलं, हेच तिला आठवत नव्हतं. “पूर्वी डिस्क काढून दुसरीकडे लावली की फायली दिसायच्या,” दादा म्हणाले. “आता किल्ली नसेल तर मीही काही करू शकत नाही.” एसएसडी या फिरत्या तबकडीविना चालणाऱ्या डिस्कचं आणखी एक. जुन्या डिस्कवर पुसलेली फाइल बरेचदा परत मिळते, कारण पुसताना फक्त अनुक्रमणिकेतली नोंद जाते. एसएसडी मात्र रिकामी झालेली जागा स्वतःहून साफ करून टाकते.

दुरुस्तीच्या दुकानांना या शहरात कमी लेखू नये. क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी पुण्यातच, कैलास काटकरांच्या दुरुस्तीच्या धंद्यातून उभी राहिली. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमधले व्हायरस काढता काढता धाकट्या भावाने, संजय काटकरांनी, त्यावरचा प्रोग्राम लिहिला. बिघडलेलं मशीन समोर ठेवून शांतपणे विचार करण्याची सवय हीच या कंपनीची पहिली पुंजी होती.

रात्रभर प्रत उतरत राहिली. सकाळी गेलो तेव्हा जवळजवळ सगळं आलं होतं, काहीशे केबी राहिले होते. दादांनी मूळ डिस्क काढून, वर तारीख लिहून, पाकिटात बंद केली. मग प्रतीवर टेस्टडिस्क नावाचा प्रोग्राम चालवून मोडलेली अनुक्रमणिका सावरली. पडद्यावर काकूंची फोल्डरं एकाखाली एक उतरू लागली, तेव्हा त्यांनी हात जोडले.

पण काम संपलं नव्हतं. दादांनी त्यांच्या मशीनवर एका लेखाची फाइल उघडली आणि समोर रोमन अक्षरांचा, चिन्हांचा ढीग आला. काकू हसल्या. इथून पुढचं त्यांना ठाऊक होतं. त्यांचं काम पेजमेकर या पानं मांडण्याच्या प्रोग्रामवर आणि श्रीलिपीच्या फॉन्टांवर चालतं. पेजमेकरची शेवटची 7.0 ही आवृत्ती 2001 मध्ये आली. श्रीलिपी ही पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची. युनिकोडमध्ये देवनागरीला 1991 पासून जागा आहे, पण मराठी छपाई कितीतरी वर्षं या जुन्या फॉन्टांवरच चालली. त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेली असतात. फॉन्ट नसेल तर फाइल हाती येऊनही मजकूर हाती येत नाही. म्हणून त्यांनी प्रतीतून फॉन्टचं फोल्डर काढायला सांगितलं, चित्रांची मूळ फोल्डरंही मागून घेतली, कारण पेजमेकर बऱ्याचदा चित्राचा फक्त पत्ता ठेवतो. आणि पर्समधून श्रीलिपीचं हार्डवेअर लॉक काढलं. निघताना ते त्यांनी आठवणीने उपटून घेतलं होतं.

दुपारी नव्या डिस्कवर सगळं बसल्यावर तीच फाइल उघडली. ढिगाच्या जागी शुद्ध मराठी उभी राहिली, ऱ्हस्व-दीर्घासकट.

एकच फाइल अर्धवट निघाली. न वाचलेल्या सेक्टरांत तिची चार पानं गेली होती. ती पानं माझ्या पिशवीत होती. छापील मुद्रित, लाल पेनाच्या दुरुस्त्यांसह. काकूंनी त्याच संध्याकाळी ती पुन्हा जुळवली आणि अंक वेळेवर छपाईला गेला. डिस्कने जे गमावलं ते कागदाने राखलं, कारण ती दुसरी प्रत होती आणि ती दुसऱ्या ठिकाणी होती.

जाणकार सांगतात तो नियम हाच : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. काकूंनी त्याच दिवशी दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या. एक वाड्यात असते, दुसरी दर शनिवारी त्यांच्या बहिणीकडे कोथरूडला जाते.

तुमच्याही घरात एखादा प्रबंध, आईच्या हातच्या पाककृती, मुलांचे फोटो एकाच मशीनवर असतील. आज रात्री त्यांची एक प्रत काढा आणि डिस्क कुलूपबंद असेल तर तिची 48 आकडी किल्ली कागदावर उतरवून ठेवा. आणि मशीन कधी सुरू झालं नाही, तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. दुकानात जा आणि पहिलं वाक्य हे बोला : डेटा पाहिजे, फॉरमॅट मारू नका.