डोळ्याचा व्रण आणि प्रतिजैविकाचे थेंब

नेवासे तालुक्यात ऊस पुष्कळ पिकतो. उसाच्या पानाची कडा करवतीसारखी असते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. तोडणीच्या वेळी हे पान डोळ्याला लागले, तर बुबुळापुढील पारदर्शक पडद्याला, म्हणजे स्वच्छमंडलाला ओरखडा पडतो. हा पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. ओरखड्यातून फ्युजेरियम, ॲस्परजिलस अशा बुरशींचे बीजाणू आत शिरतात आणि काही दिवसांत तेथे व्रण होतो.

डोळा लाल झाला, की घरातले प्रतिजैविकाचे थेंब घालण्याचा मोह होतो. पण ही औषधे जीवाणूंची पेशीभित्ती, प्रथिननिर्मिती यांसारख्या गोष्टी रोखतात. बुरशीच्या पेशीची घडण निराळी असल्याने ती वाढतच राहते. थेंबांत स्टेरॉइड असेल, तर धोका अधिक. लाली ओसरते, बुरशी मात्र खोल पसरते. वारंवार घातलेली काही प्रतिजैविके जखम भरण्यासही विलंब लावतात.

मग खरा शत्रू ओळखायचा कसा? नेत्रतज्ज्ञ व्रण हलकेच खरवडून तो अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे धागे दिसले, तर नाटामायसिनसारखे बुरशीनाशक देतात. जीवाणू आढळले, तर प्रतिजैविकच दृष्टी वाचवते.

उपचाराला उशीर झाला, तर व्रण भरूनही पांढरा वण उरतो. यालाच आपण ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतो. तेव्हा डोळ्याला पान लागल्यास तो चोळू नका, मनाने थेंब घालू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा.