महाग चेंडू आणि सामान्य खेळाडू

क्रीडासाहित्याच्या व्यवहारात ‘उत्तम’ आणि ‘महाग’ हे शब्द परस्परांचे पर्याय मानण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. गॉल्फच्या खेळात हा प्रश्न फार जुना आहे. पिसे ठासून भरलेला चामडी चेंडू तेथे इतका महाग असे की, १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा स्वस्त चेंडू आल्यावरच तो खेळ सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागला. आजही युरेथेनच्या आवरणाचा महाग चेंडू आणि आयनोमरच्या आवरणाचा स्वस्त चेंडू यांच्या लांब पल्ल्यात सामान्य खेळाडूस फारसा भेद जाणवत नाही. भेद पडतो तो मुख्यतः जवळच्या फटक्यातील फिरकीत. आणि जो ती फिरकी आपल्या इच्छेप्रमाणे देऊ शकतो, त्यालाच तिचा लाभ.

कोल्हापूरच्या परिसरात मात्र हाच प्रश्न फुटबॉलच्या रूपाने उभा राहतो. या शहरातील फुटबॉलचे संघ ‘तालीम’ हे नाव अभिमानाने मिरवितात. मुळात ‘शिक्षण’ असा अर्थ असणारा हा अरबी शब्द मराठीत कुस्तीच्या आखाड्यास लागला आणि येथे तो पुढे फुटबॉलच्या मैदानावरही गेला. अर्थविस्ताराचे याहून सुबक उदाहरण क्वचितच सापडेल. शहरातील संघांस शाहू स्टेडियमची हिरवळ लाभते. करवीर तालुक्यातील विमानतळालगतच्या गडमुडशिंगीसारख्या गावात तशी हिरवळ गृहीत धरता येत नाही. अशा ठिकाणच्या मुलांनी वर्गणी जमवून सामन्याच्या दर्जाचा एकच चेंडू घ्यावा, की तेवढ्याच पैशांत चार-पाच साधे चेंडू घ्यावेत?

उत्तरासाठी प्रथम हे पाहिले पाहिजे की, जादा किमतीत नेमके काय विकत मिळते. फुटबॉलच्या नियमानुसार चेंडूचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असावे लागते. ‘फिफा’ या जागतिक संघटनेच्या सर्वोच्च प्रतीत हीच मर्यादा ६८.५ ते ६९.५ सेंटिमीटर आणि ४२० ते ४४५ ग्रॅम इतकी आवळली जाते. म्हणजे वजनातील मोकळीक ४० ग्रॅमवरून २५ ग्रॅमवर येते. महाग चेंडूत विकत मिळते ती प्रामुख्याने एकरूपता होय, सामर्थ्य नव्हे. ज्याच्या दोन लागोपाठच्या लाथांतच मोठे अंतर असते, त्या खेळाडूस वजनातील ही सूक्ष्म एकरूपता जाणवणे कठीणच.

तथापि, येथे थांबणे अन्यायाचे होईल. गोलाई आणि पाणी शोषण्याचे प्रमाण या दोन गोष्टी नवशिक्यासही भोवतात. वेडावाकडा चेंडू टप्पा पडताच भलतीकडे वळतो; आणि चूक पायाची की चेंडूची, हे शिकणाऱ्यास उमगत नाही. ओलाव्याच्या चाचणीत चेंडूचे वजन किती टक्क्यांपर्यंत वाढू शकते याची मर्यादा ठरलेली असते, आणि सर्वोच्च प्रतीस ती अधिक कडक असते. ४३० ग्रॅमच्या चेंडूने २० टक्के पाणी शोषले, तर ८६ ग्रॅमचा भार वाढतो! कोल्हापूरच्या पावसात खेळणाऱ्या लहान मुलाच्या पायास आणि डोक्यास हा भार क्षुल्लक नव्हे. ज्या बाजारी चेंडूंवर कोणत्याच प्रतीचा शिक्का नसतो, त्यांच्याविषयी तर असा कोणताही भरवसा देता येत नाही.

टिकाऊपणाची गोष्ट याच्या उलट आहे. आकार टिकतो की नाही हे पाहण्यासाठी चेंडू पोलादी पत्र्यावर पुनःपुन्हा आपटतात. मुरमावर घासणे ही वेगळीच बाब. तेथे पॉलियुरेथेनचे मऊ, महाग आवरण लवकर सोलवटते, आणि पीव्हीसीचे काहीसे कडक, स्वस्त आवरण अधिक काळ तग धरते. आतील ब्लॅडरचेही तसेच. लॅटेक्सचा ब्लॅडर चांगली उसळी देतो, पण हवा लवकर सोडतो. ब्यूटिलचा हवा धरून ठेवतो. ज्या गावी पंप एकाच घरी असतो, तेथे ब्यूटिलचा चेंडू घेणेच शहाणपणाचे.

शिवाय मोजणीचा एक साधा हिशोब आहे. वीस मुलांत एकच चेंडू असेल, तर सरावाच्या एका तासात प्रत्येकाच्या वाट्यास सरासरी तीन मिनिटे येतात. पाच चेंडू असतील, तर पंधरा. चेंडूवरील ताबा पायाला चेंडू वारंवार लागल्यानेच येतो, आणि येथे स्वस्त चेंडूचे पारडे निर्विवाद जड ठरते. मराठीत ‘किंमत’ आणि ‘मोल’ हे दोन शब्द वेगळे आहेत; दुकानदार त्यांपैकी पहिलाच सांगतो.

तेव्हा वर्गणी बेताची असेल, तर सरावासाठी पीव्हीसी आवरणाचे व ब्यूटिल ब्लॅडरचे तीन-चार चेंडू घ्यावेत; मात्र प्रत्येक चेंडू सपाट फरशीवर घरंगळवून तो सरळ जातो की डगमगतो, हे दुकानातच पाहावे. सामन्यासाठी दुसऱ्या प्रतीचा एक चेंडू पुरे. तो मुरमावर सरावास काढू नये, आणि पाऊस लागल्यास उन्हात न ठेवता सावलीत वाळवावा.